बैसाखी फक्त पंजाबची? भिवंडीच्या ढाब्यावर पडलेला प्रश्न

ऐकायला वेळ नाही, त्यांच्यासाठी आजचा एपिसोड लेखी.

मागच्या एप्रिलात ऑफिसहून भिवंडीला परतताना नाशिक हायवेवरच्या ढाब्यावर चहाला थांबलो. शेजारच्या ट्रकवाल्या सरदारजी काकांनी हातावर गरम शिरा ठेवला. बैसाखी होती. गावी त्यांचा गहू कापणीला आलेला आणि ते इथे गोदामात माल उतरायची वाट बघत होते. मी म्हटलं, "हॅपी बैसाखी! तुमचा सण ना?" ते हसले. "नामदेव तुमचेच ना? मग सण एकट्या आमचा कसा?"

मला उत्तर देता येईना. घरी येऊन वाचत बसलो.

बैसाखी मुळात रब्बीच्या सुगीचा सण. पण 1699 च्या बैसाखीला आनंदपूर साहिबमध्ये गुरू गोबिंद सिंगांनी भर सभेत शिर मागितलं. सभा गप्प. मग एकेक करून पाच जण उठले. हेच पंज प्यारे. परंपरा सांगते की त्यांत लाहोरचे खत्री होते, हस्तिनापूरचे जाट होते, जगन्नाथपुरीचे पाणी भरणारे होते, द्वारकेचे कापड छापणारे-शिवणारे होते आणि आपल्या शेजारच्या बिदरचे न्हावी साहिब चंद होते. पाचही जण एकाच वाटीतून अमृत प्याले आणि 'सिंग' झाले. मग गुरूंनी त्याच पाचांपुढे हात जोडून स्वतः अमृत मागितलं. जातीची उतरंड मानणाऱ्या त्या काळात ही केवढी मोठी गोष्ट!

आता नामदेव. जातीने शिंपी. त्यांची 61 पदं गुरू ग्रंथसाहिबात आहेत. पंजाबात घुमान गावी त्यांचं स्थान आहे, आणि 2015 चं मराठी साहित्य संमेलन तिथेच भरलं होतं.

पुढे 1708 मध्ये गुरू गोबिंद सिंग आपल्या नांदेडला आले. माझ्यानंतर देहधारी गुरू नाही, ग्रंथ हाच गुरू, असं त्यांनी सांगितलं ते इथेच, गोदावरीकाठी. म्हणजे बघा, ज्या ग्रंथापुढे बैसाखीला जगभरचे शीख माथा टेकतात, त्यात एका मराठी शिंप्याचे शब्द आहेत, आणि त्या ग्रंथाला गुरुपद मिळालं मराठवाड्यात.

आमच्या भिवंडीत लूमवर कापड विणलं जातं आणि ते ट्रकमधून देशभर जातं. यातल्या एखाद्या ट्रकवर काकांसारखाच कुणी असतो, सणाला घरी न पोहोचलेला. यंदा 13-14 एप्रिलला असं कुणी भेटलं, तर 'तुमचा सण' म्हणू नका. चहा पाजा आणि म्हणा, "आपली बैसाखी!"

भेटूया पुढच्या एपिसोडला.