खाजगी अन्नसुरक्षा मानके

सरकारने नव्हे, तर सुपरमार्केटच्या साखळ्या, प्रक्रिया-उद्योग किंवा त्यांच्या संघटनांनी पुरवठादारांवर घातलेल्या अटी. ब्रिटनच्या १९९० च्या अन्नसुरक्षा कायद्याने विक्रेत्याला पुरेशी खबरदारी घेतल्याचा बचाव दिला. तो सिद्ध करता यावा म्हणून सुपरमार्केटांनी तपासणी थेट शेताच्या बांधापर्यंत नेली. १९९७ मध्ये युरोपीय विक्रेत्यांनी ‘युरेपगॅप’ हे शेतीसाठीचे मानक सुरू केले. २००७ पासून ते ‘ग्लोबलगॅप’. कागदावर हे सारे ऐच्छिक. प्रत्यक्षात मोठे खरेदीदार मोजकेच, त्यामुळे प्रमाणपत्राविना चांगल्या बाजारात माल शिरत नाही. फवारणीची नोंदवही, औषधांची कुलूपबंद खोली, शेवटची फवारणी आणि काढणी यांतील दिवस, मजुरांना हात धुण्याची सोय, सगळे पाहिले जाते. खर्च मात्र बहुधा उत्पादकाच्याच माथी, आणि दोन एकरांच्या बागायतदाराला तो एकट्याने झेपत नाही. त्यासाठी गट-प्रमाणपत्राची सोय आहे. महाराष्ट्रात ‘महाग्रेप्स’ या द्राक्ष निर्यात संस्थेशी जोडलेल्या द्राक्ष उत्पादक संस्थांनी तिचा उपयोग केला. केळीच्या निर्यातीला या अटी जाचक ठरल्याची तक्रार सेंट व्हिन्सेंट अँड द ग्रेनेडाइन्सने २००५ मध्ये जागतिक व्यापार संघटनेत मांडली. संघटनेचे करार सरकारांना बांधतात. खाजगी अटींची जबाबदारी सरकारांवर कितपत येते, याबाबत सदस्य देशांत मतभेद आहेत.