तारीख चुकली, दावा गेला?

नालासोपाऱ्यात जमिनीच्या हिश्श्यावरून वाद झाला, की बाईला वसईच्या कोर्टाची पायरी चढावी लागते. मग तारखांवर तारखा. एखाद्या तारखेला तिच्या बाजूनं कोणीच हजर नसलं, तर दावा काढून टाकला जाऊ शकतो. तिला ते कधीकधी वर्षानं कळतं.

मुदतीचं हे बंधन जुनं आहे. मुंबई इलाख्यात १८२७ च्या एल्फिन्स्टनच्या कायद्यांत ते होतं. १८५९ साली ब्रिटिश हिंदुस्थानासाठी मुदतीचा कायदा झाला. आज १९६३ चा चालतो. साक्षीदार मरतात, कागद कुजतात, म्हणून भांडणं कायम उकरत बसू नये, हा त्यामागचा विचार.

पण कायद्यानं दारही ठेवलंय. गैरहजेरीत काढलेला दावा पुन्हा सुरू करण्याचा अर्ज ३० दिवसांत करायचा. अपील जिल्हा कोर्टात ३०, हायकोर्टात ९० दिवसांत. निकालाची नक्कल मिळेपर्यंतचे दिवस त्यात धरत नाहीत.

तरीही उशीर झाला तर? १९८७ साली काश्मीरमधल्या भूसंपादनाच्या खटल्यात अपिलाला चार दिवस उशीर झाला होता. सुप्रीम कोर्टानं तो माफ केला. उशीर करणारं होतं सरकार, आणि समोर होती जमीन गेलेली बाई! सरकारला माफी मिळते, तर आपणही मागू शकतो. मात्र कारण खरं हवं, कागदानिशी हवं.

बाईला मोफत वकील मिळतो, उत्पन्न कितीही असो. तालुका विधी सेवा समितीत विचारा. आणि पुढची तारीख बचत गटाच्या वहीतही लिहून ठेवा.