भाजकातला ‘अधिक एक’

समाकलनाच्या पहिल्याच तासाला फळ्यावर नियम येतो: घातांक एकाने वाढवा आणि नव्या घातांकाने भागा. उत्तराचे अवकलन केले की पडताळा मिळतो आणि वर्ग पुढे सरकतो. पण हा भाजक आला कुठून? न्यूटन व लायब्निट्स यांनी क्षेत्रफळाचा अवकलनाशी संबंध जोडण्याआधीच तो ठाऊक होता. मुलांना हे जरूर सांगावे, असे आम्हांला वाटते.

स्थिरांकाचे काम सोपे. उंची कायम ५ असेल, तर क्ष पायाच्या आयताचे क्षेत्रफळ ५क्ष. उंची क्षइतकीच वाढत गेली तर काटकोन त्रिकोण होतो, म्हणून क्षच्या वर्गाचे निम्मे. खरी अडचण उंची वर्गाने वाढू लागली की येते. केरळातील ज्येष्ठदेवाच्या ‘युक्तिभाषा’ (सुमारे १५३०) या मल्याळम ग्रंथात अशा घातांच्या बेरजा उपपत्तीसह आहेत. इटलीत काव्हालिएरीने १६४७ पर्यंत नवव्या घातापर्यंत मजल मारली.

फेर्माची युक्ती मात्र फळ्यावर करून दाखवण्याजोगी आहे. ० ते १ या पायावर त्याने समान रुंदीच्या पट्ट्या घेतल्या नाहीत. १, र, रचा वर्ग, रचा घन अशा भूमिती श्रेढीत बिंदू घेतले (र एकाहून जरासा लहान). वर्गाच्या वक्रासाठी पट्ट्यांची बेरीज येते (१−र) भागिले (१−रचा घन), म्हणजेच १ भागिले (१+र+रचा वर्ग). र जसजसा १ कडे सरकतो, तसतशी छेदातील तिन्ही पदे १ होत जातात. उत्तर एक तृतीयांश! घनाला छेदात चार पदे येतात. ‘अधिक एक’ म्हणजे ही पदांची मोजदाद.

घातांक −१ असेल तर छेद शून्य होतो. फेर्माने हा अपास्त वगळला. पण तेच बिंदू येथेही घेऊन पाहा: १ ते २, २ ते ४, ४ ते ८. दर वेळी रुंदी दुप्पट, उंची निम्मी. म्हणून क्षेत्रफळ तेवढेच. पाया गुणला की क्षेत्रफळात भर पडते. असे वागते ते लॉगॅरिथम. सेंट व्हिन्सेंटच्या ग्रेगरीच्या १६४७ च्या ग्रंथात हा गुणधर्म होता. त्यातले लॉगॅरिथम १६४९ मध्ये द सारासाने ओळखले.