एम्टाला : आपत्कालीन उपचारांचा हक्क

अमेरिकेत १९८६ साली संमत झालेला ‘एम्टाला’ हा कायदा आपत्कालीन विभागात येणाऱ्या प्रत्येक रुग्णाला संरक्षण देतो. मेडिकेअर योजनेत सहभागी असलेल्या आणि असा विभाग चालवणाऱ्या सर्व रुग्णालयांवर तो बंधनकारक आहे. रुग्णाचा विमा, नागरिकत्व वा ऐपत येथे गौण ठरते. त्यामुळे भारतातून भेटीस आलेल्या, विमा नसलेल्या आई-वडिलांनाही त्याचा आधार आहे.

रुग्णालयाची मुख्य कर्तव्ये तीन : आपत्कालीन स्थिती आहे का, हे वैद्यकीय तपासणीने ठरवणे, असल्यास प्रकृती स्थिर होईल असे उपचार करणे, आणि ती क्षमता नसल्यास, रुग्णाला स्वीकारण्यास तयार असलेल्या सक्षम रुग्णालयात कागदपत्रांसह सुरक्षितपणे हलवणे. विम्याची चौकशी करता येते. मात्र तिच्यापायी तपासणी वा उपचार लांबवता येत नाहीत.

या हक्कांचा फलक दर्शनी भागात लावणे आणि विभागात येणाऱ्या प्रत्येक रुग्णाची नोंद ठेवणे सक्तीचे आहे. नियमभंग झाल्यास आर्थिक दंड होतो. मेडिकेअरमधील सहभागही रद्द होऊ शकतो. रुग्ण वा नातेवाईक राज्याच्या आरोग्य तपासणी यंत्रणेकडे तक्रार करू शकतात. तक्रारीसाठी वेळ, घडलेला संवाद आणि संबंधितांची नावे टिपून ठेवावीत.

मात्र हा कायदा उपचार मोफत करत नाही. देयक नंतर येतेच. म्हणून पाहुण्या आई-वडिलांचा विमा अवश्य काढावा. पण तो नाही म्हणून रुग्णालय गाठण्यास विलंब करू नये.