करकंब परिसरातील पाणथळ वनस्पती

करकंब (ता. पंढरपूर, जि. सोलापूर) हे गाव पंढरपूरच्या उत्तरेस सुमारे 20 किमी. अंतरावर, भीमेच्या डाव्या अंगाला, टेंभुर्णी रस्त्यावर आहे. बेसाल्टावरची काळी, भेगाळणारी जमीन आणि वर्षाला सरासरी 500 ते 600 मिमी. पाऊस, असा हा अवर्षणप्रवण मुलूख. ओढ्यांतले डोह, पाझर तलाव, नदीकाठची दलदल आणि कालव्यालगतची चिबड रानं या इथल्या पाणथळ जागा. त्यांतल्या थोड्याच बारमाही. बाकीच्या काही महिने ओल धरून आटतात. भीमा खोऱ्यातल्या बऱ्याच विरळ पाणवनस्पतींचा जीवनक्रम या आटण्याशीच बांधलेला आहे.

तलावाचे पाणी मागे सरले की उघड्या पडलेल्या गाळावर गोरखमुंडी, माशीपत्री, भरजांभूळ अशा बुटक्या वनस्पती उगवतात. पिकाचा खोडवा काढून रिकाम्या राहिलेल्या ओलसर काळ्या रानातही गोरखमुंडीची जांभळट गोल बोंडे दिसतात. मार्सिलिया हे नेचे उथळ पाण्यात चार दलांचे पान तरंगत ठेवते. पाणी आटले की पाने वाळून जातात. मागे उरतात ती घेवड्याच्या दाण्यासारखी टणक बीजाणुफळे. ती कोरड्या मातीत कित्येक वर्षे तग धरतात आणि पुन्हा पाणी लागले की फुगून उघडतात. तालीमखाना डबक्यांच्या व चरांच्या काठाला वाढतो. त्याच्या प्रत्येक पेराशी निळी-जांभळी द्विओष्ठी फुले आणि सरळ, पिवळसर, तीक्ष्ण काटे असतात. त्याचे बी पाण्यात टाकताच बुळबुळीत होते. आयुर्वेदात त्याला मागणी आहे.

स्वच्छ, संथ वाहत्या पाण्यातली व्हॅलिस्नेरिया ही या गटातली सर्वांत नाजूक वनस्पती म्हणावी लागेल. तिची फितीसारखी लांब पाने पाण्याखाली असतात. इवली नरफुले देठापासून सुटून पृष्ठभागावर येतात आणि लांब देठावर वर आलेल्या मादीफुलाकडे तरंगत जातात. परागण झाल्यावर तो देठ वेटोळे घेऊन फळाला खाली ओढतो. पाणी गढूळ झाले की तिला प्रकाश मिळत नाही. सह्याद्रीच्या सड्यांवरचा वायतुरा मात्र या सखल काळ्या जमिनीतला नव्हे; त्याला जांभ्यावरची पावसाळी डबकी लागतात.

यांपैकी बहुतेक जाती भारतात इतरत्रही आढळतात. त्यांच्या विरळपणाचे कारण जागेत आहे. 1980 मध्ये पूर्ण झालेल्या उजनी धरणाने (एकूण साठा सुमारे 117 टीएमसी) या भागातला पाण्याचा क्रमच पालटला. कालव्याचे पाणी आले, ऊस वाढला, पाझराने सखल रानं चिबडली. अशा कायम ओल्या जागी पाणकणीस, लव्हाळा आणि अमेरिकेतून आलेली बेशरम माजतात. सांडपाणी मिसळलेल्या संथ पाण्यात जलपर्णी पसरते. ओल वाढली, पण हंगामी ओलीच्या जागा कमी झाल्या. ओढा खोल-रुंद करताना काठ उभा कापला जातो आणि नेमका उथळ पाण्याचा पट्टा जातो. तलावाच्या उघड्या पात्रात गाळपेर होते. बांधावर तणनाशक फवारले जाते. यांतली प्रत्येक गोष्ट शेतकऱ्याच्या गरजेतून होते हे खरे, तरी काठाचा एखादा उतार जसाच्या तसा ठेवणे फार अवघड नाही आणि ते व्हायला हवे.

2017 च्या पाणथळ जागा नियमांतून नदीपात्रे तसेच पिण्याच्या पाण्यासाठी व सिंचनासाठी बांधलेले जलाशय वगळलेले आहेत. त्यामुळे या परिसरातल्या बऱ्याचशा जागांना त्या नियमांचे संरक्षण लाभत नाही.

थिओडोर कुक यांनी मुंबई इलाख्याच्या वनस्पतींवर लिहिलेला ग्रंथ 1901 ते 1908 या काळात प्रसिद्ध झाला, म्हणजे धरणापूर्वीच्या स्थितीतला. त्याच्याशी आजची तुलना करायची तर एकच फेरी पुरत नाही: पाण्यातल्या जातींसाठी ऑगस्ट ते ऑक्टोबर, गाळावरच्या जातींसाठी जानेवारीनंतरचा काळ, अशी दोनदा पाहणी करावी लागते.