घूंऽऽ आवाज आणि दोन हजार वर्षांचे गोळे

आजचा भाग इतिहासाचा आहे, पण सुरुवात आमच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये होते.

आमच्या जुन्या हॅचबॅकच्या मागून 'घूंऽऽ' असा आवाज यायला लागला होता. वेग वाढला की आवाज वाढायचा. गाडी न्यूट्रलला टाकली तरी तसाच, म्हणजे इंजिनाचा नव्हे. मागचं डावं चाक जॅकवर उचललं, वरून-खालून धरून हलवलं, तर खटखट. बेअरिंग गेलं होतं. तो दिवस शनिवार. सोमवारी आईला डोळ्याच्या ऑपरेशनसाठी साताऱ्याहून पुण्याला आणायचं होतं, आणि वाटेत खंबाटकी घाट. म्हटलं, रोज कोडमधले बग काढतो, एक बेअरिंग निघणार नाही? बाबा फोनवर एवढंच म्हणाले, "ठोकाठोकी करू नकोस रे, प्रेसवर बसवून घे." मी ऐकलं नाही.

पुढच्या चाकांना उटी लावली, गाडी जॅक स्टँडवर घेतली, हँडब्रेक सोडला. चाक, टोपी, मोठा नट, मग ड्रम. सर्क्लिप काढून जुनं बेअरिंग ठोकून बाहेर काढलं. इथपर्यंत हिरो! मग नवीन बेअरिंग ड्रममध्ये बसवताना सॉकेट लहान पडला आणि हातोडीचे घाव आतल्या कडीवर बसले. बोटाने फिरवून पाहिलं, तर कोरं बेअरिंग खरखर करत होतं. गेले पैसे.

असं का झालं? बेअरिंग म्हणजे दोन पोलादी कड्या आणि मध्ये गोळे. गोळा कडीला अगदी इवल्याशा जागेवर टेकतो, म्हणून घर्षण कमी. पण घाव घातला की सगळा जोर त्याच इवल्याशा जागेवर येतो आणि कडीत खड्डे पडतात. ड्रममध्ये घट्ट बसते ती बाहेरची कडी, म्हणून दाब तिच्यावरच द्यायचा.

त्या रात्री चिडून वाचत बसलो. इटलीत नेमी नावाचं तळं आहे. 1928 नंतर त्याचं पाणी उपसलं, तेव्हा रोमन सम्राट कॅलिगुलाची जहाजं सापडली. त्यांत गोळ्यांवर फिरणारं व्यासपीठ होतं! दोन हजार वर्षांपूर्वीचं. पुढे लिओनार्दो दा विंचीने गोळ्यांचे बेअरिंग रेखाटले. शेजारचे गोळे एकमेकांना घासू नयेत, हेही त्याला कळलं होतं. 1794 मध्ये वेल्समधल्या फिलिप वॉननं घोडागाडीच्या आसासाठी गोळ्यांच्या बेअरिंगचं पेटंट घेतलं.

मग घोडं अडलं कुठे? कल्पनेत नाही, गोळ्यांत. एक गोळा किंचित मोठा असला, तर सगळा भार त्याच्यावर येतो. सगळे गोळे सारखे हवेत आणि कडकही हवेत. हे कोडं सोडवलं जर्मनीतल्या श्वाइनफुर्ट गावच्या फ्रीडरिश फिशरनं. 1883 मध्ये त्याने पोलादी गोळे एकसारखे घासणारं यंत्र बनवलं. सायकलला, मग मोटारीला खरी गती तिथून मिळाली. गाव इतकं महत्त्वाचं ठरलं, की 1943 मध्ये अमेरिकी विमानांनी तिथल्या बेअरिंग कारखान्यांवर दोनदा मोठे हल्ले केले. 14 ऑक्टोबरच्या हल्ल्यात त्यांची स्वतःची 60 बॉम्बर विमानं पडली. बेअरिंग नाही, तर रणगाडा नाही, विमान नाही, असं साधं गणित. आणि मी तीच वस्तू हातोडीने ठोकत होतो!

रविवारी दुसरं बेअरिंग आणलं आणि ड्रम घेऊन जवळच्या लेथवाल्या काकांकडे गेलो. त्यांनी बाहेरच्या कडीच्या मापाची रिंग ठेवली, प्रेसचा दांडा दाबला, अर्ध्या मिनिटात काम फत्ते. बाकीचं मी घरी केलं: सर्क्लिप, ड्रम, नवा नट, आणि टॉर्क रेंचने मॅन्युअलमध्ये दिला आहे तेवढाच ताण. म्हणजे 'घरी बदललं' हे तीन चतुर्थांशच खरं.

सोमवारी घाटात कान मागे लावून बसलो होतो. काहीच आवाज नाही. आई शेजारी शांत झोपली होती.

तुमच्या गाडीतून 'घूंऽऽ' येत असेल तर गाण्याचा आवाज वाढवू नका, चाक उचलून बघा. आणि बाबा काही म्हणाले तर एकदा ऐका. भेटू पुढच्या भागात!