ओझोनाचे मापन: भूमी आणि उपग्रह

वातावरणातील ओझोनाचे मापन आपल्याकडे उपग्रहांच्या फार पूर्वी सुरू झाले. डॉब्सन वर्णपटमापकाने पुणे व दिल्ली येथे घेतलेल्या नोंदींवर आधारलेला करंदीकर व रामनाथन् यांचा निबंध १९४९ साली प्रसिद्ध झाला. पुढे १९७८ साली निंबस-७ हा उपग्रह जगभरचा ओझोन मोजू लागला. परंतु सूर्यप्रकाश मोजण्यासाठी त्यावर बसविलेली विसारक तबकडी अतिनील किरणांनी मंदावत गेली आणि ओझोनाची घट वास्तवाहून अधिक भासू लागली. जमिनीवरील डॉब्सन यंत्रांशी तुलना करून १९८८ साली हा दोष दुरुस्त करण्यात आला. तरीही १९७८ ते १९८५ या काळात दोन ते तीन टक्के घट उरलीच. यंत्राचे वार्धक्य वजा केल्यावर उरलेली ही घट खरी होती. तेव्हा उपग्रहाच्या व्यापक दृष्टीस भूमीवरील अखंड नोंदवहीची कसोटी आवश्यक ठरते, हाच या इतिहासाचा निष्कर्ष होय.